पाण्याच्या तोंडाशी

३ मार्च, मंगळवार

या वहीच्या पुढच्या पानांवर बाबांची वजनं आहेत. डायलिसिसच्या आधी किती, नंतर किती. ते स्वतः लिहितात, लेथवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या अक्षरात, एकाखाली एक, रेघ न सोडता. मी मागच्या पानापासून सुरुवात करतेय. आज जे पाहिलं ते कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही.

सकाळी सातला आमच्या, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात पोहोचले तर जाळीवाले काका फाटकातच उभे. बावीस वर्षं ते पाण्याच्या तोंडाशी आहेत. समुद्राचं पाणी जिथून आत ओढलं जातं तिथल्या फिरत्या जाळ्या साफ ठेवणं हे त्यांचं काम. त्यांना घाबरलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

"मॅडम, आधी चहा घेऊ नका," ते म्हणाले. "आधी बघा."

धक्क्यापासून थेट लाटा फुटतात तिथवर पाणी असं दिसतच नव्हतं. नुसते जेलीफिश. थाळीएवढे, काचेसारखे, प्रत्येकाच्या पोटात चार गुलाबी कड्या. एकावर एक, खाली किती थर असतील देव जाणे. जाळीची मोटर कण्हत होती. जाळी वर यायची ती लोंबत, आणि काका नि त्यांची माणसं फावड्यांनी ओढून काढायची. दुपारपर्यंत अकरा ट्रॉल्या भरल्या. ट्रॉलीत पडले की त्यांचा नुसता चिकट लगदा होतो.

मुख्य अभियंता साहेब वरून ओरडले, "मॅडम, हे काय आहे?"

"जेलीफिश, सर."

"ते मलाही दिसतंय. अजून किती येणार आहेत?"

मी म्हटलं, माहीत नाही. कारखान्यात जीवशास्त्र शिकलेली मी एकटी. रोज बाटल्यांत पाणी भरायचं, जंतू मोजायचे, 'सर्व ठीक' असं लिहून सही करायची. नऊ वर्षांत मला पहिल्यांदा खरा प्रश्न विचारला गेला आणि मला उत्तर आलं नाही.

ते चावत नाहीत फारसे. हाताला थोडी चुणचुण होते. मला भीती त्यांच्या चावण्याची नाही. त्यांना मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही, शंभरातले पंचाण्णव भाग नुसतं पाणी. आपण काय बंद करतोय हे त्यांना कळतसुद्धा नाही. आणि या शहराला प्यायला दुसरं पाणी नाही.

४ मार्च, बुधवार

साहेबांनी तोडगा काढला. जाळीच्या पुढे कटर बसवायचा. आले की कापायचे, बारीक तुकडे पाण्याबरोबर जाऊ द्यायचे. "जेलीच तर आहे, विरघळून जाईल. काय मॅडम?"

मला ठाऊक होतं की विरघळत नाही. लगदा होतो, तो आतल्या वाळूच्या गाळण्यांवर जाऊन बसणार. तोंडापर्यंत शब्द आले होते. बारा माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "करून बघता येईल."

करून बघता येईल! शाळेत फळ्याजवळ उभं केलं की माझं असंच व्हायचं. वय चाळीस झालं, फळा काही सुटला नाही.

घरी आले तेव्हा बाबा डायलिसिसहून परतले होते. नेहमीसारखे, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, हाताला दोन पट्ट्या, तोंड उतरलेलं, गादीवर आडवे. चार तास रक्त बाहेर काढून धुऊन परत घालतात, मग माणसात काय उरणार. तरी बोलायला तयारच.

"शेजारच्या खुर्चीवर नवी मुलगी आलीये. सव्वीस वर्षांची. सहा महिन्यांचं बाळ आहे तिला. सासू बाहेर घेऊन बसते आणि बाळ रडलं की ही मशीनकडे बघते, कधी संपतंय म्हणून."

"तुम्ही काय बोललात तिच्याशी?"

"मी सांगितलं, मशीनकडे बघू नकोस, ते भाव खातं."

५ मार्च, गुरुवार

गाळण्या तुंबल्या. सगळ्या. कारखाना बंद. शहरात पाणी नाही.

मला माहीत होतं.

७ मार्च, शनिवार

दोन दिवस गाळण्यांतली वाळू उपसणं चालू होतं. आज एक बाजू सुरू झाली. हॉस्पिटलच्या टाक्या तळाला गेल्यामुळे बाबांची कालची पाळी रद्द झाली होती, ती आज झाली, तीही तीनच तास. एका माणसाच्या एका डायलिसिसला दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. सिस्टरांनी सगळ्यांना सांगितलंय की आठवड्याला तीनऐवजी दोनच पाळ्या. बाबांची मंगळवार आणि शुक्रवार.

मी बाबांना म्हटलं, "चालेल ना?" ते म्हणाले, "न चालायला काय झालं?"

दुपारी मला एक गोष्ट सुचली, म्हणजे कॉलेजात शिकलेली आठवली. हे प्राणी समुद्रात नुसतेच उगवत नाहीत. आधी पॉलिप असतो. तांदळाच्या दाण्याहून लहान, पांढुरका, कुठल्यातरी टणक वस्तूच्या खालच्या बाजूला चिकटून उलटा लोंबतो. वर्ष वर्ष तसाच राहतो. पाणी गार पडून गेलं की त्या एवढ्याशा जिवाच्या चकत्या चकत्या होतात, बशांची चळत असावी तशा, आणि एकेक चकती सुटून पोहायला लागते. तीच पुढे थाळीएवढी होते. म्हणजे यांचं घर जवळपास असणार.

काकांनी बांबूला आरसा बांधून दिला. आम्ही होडीतून आमच्याच तरंगत्या धक्क्याखाली आरसा सरकवला. गेल्या वर्षी बसवलेला हा धक्का, प्लास्टिकच्या पिंपांवर उभा. आरशात पाहिलं. पिंपांची खालची सगळी बाजू पांढरी. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत मी अकरा मोजले. धक्का साठ मीटर लांब आहे.

काका म्हणाले, "खरवडून टाकतो."

"नको! खरवडलं तर तुकड्यातुकड्यातून नवे होतील."

काकांनी हातातली खरवडणी हळूच खाली ठेवली, जणू कुणी ऐकेल.

८ मार्च, रविवार

सुट्टी असून प्रयोगशाळेत गेले. मागच्या नोंदी चाळल्या. नऊ फेब्रुवारी, माझं अक्षर: 'नमुन्यात तारेच्या आकाराचे बारीक कण, बहुधा कचरा. सर्व ठीक.'

आठ टोकांचे तारे. चळतीतून नुकत्याच सुटलेल्या चकत्या अशाच दिसतात, पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा ओळखेल. एक महिना आधी मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि कचरा म्हटलं, कारण त्या दिवशी निघायची घाई होती.

संध्याकाळी बाबांना कळलं की माझं काही बिनसलंय. त्यांनी समुद्रातल्या प्राण्यांबद्दल विचारायला सुरुवात केली. मी बोलती व्हावी म्हणूनच ते विचारतात. मी स्पंजाचं सांगितलं. जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून काढला तर त्याच्या पेशी सुट्या सुट्या होतात, पण मरत नाहीत. एकमेकींना शोधत सरकतात, चिकटतात, आणि पुन्हा स्पंज तयार होतो.

"मग त्यातला मुकादम कोण?"

"कुणीच नाही. एकीचं काम दुसरी करू शकते."

"म्हणजे चार पेशी गेल्या तर त्यांच्यावाचून अडत नाही."

"अजिबात नाही अडत."

"छान आहे," बाबा म्हणाले. त्यांना हे आवडलं. मलाही जरा बरं वाटलं.

१० मार्च, मंगळवार

आज साहेबांना सांगितलं. दार लावून घेतलं, नोंदवही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मला वाटलं आता आवाज चढेल. ते म्हणाले, "तरंगता धक्का माझ्या सहीने बसलाय. दगडी धक्का महिनाभर उशिरा झाला असता म्हणून मी घाई केली." मग नोंदवही मिटत, "आणि कटरच्या वेळी तुमचा चेहरा मी पाहिला होता. तरी विचारलं नाही."

वरच्यांना जो अहवाल जाईल त्यात माझी ओळ आणि त्यांची सही, दोन्ही जाणार. पुढे काय होईल ते होईल.

धक्का क्रेनने उचलून जमिनीवर वाळत टाकायचा असं ठरलं. पण जे आधीच सुटून वाढलेत ते बाहेर आहेत, वारा फिरला की पुन्हा येणार. त्यासाठी मी बुडबुड्यांचा पडदा सुचवला. तळाशी भोकं पाडलेला पाइप, त्यात दाबाने हवा. बुडबुडे जेलीफिशच्या छत्रीखाली अडकतात आणि त्याला वर उचलतात. वर आले की होड्यांनी जाळं लावून बाजूला न्यायचे. या वेळी वाक्य पूर्ण बोलले.

बाबा दुपारीच घरी परतले होते. तीनच तास लागतात म्हणून की काय, पण चक्क ताजेतवाने. इस्त्रीच्या, मनगटाशी बटणं लावलेल्या, लांब बाह्यांच्या शर्टात. म्हटलं, "आज कुठे लग्नाला गेला होतात?" म्हणाले, "हॉस्पिटलात एसी फार असतो." आडवे न होता माझ्याबरोबर पोटभर जेवलेसुद्धा. कमी पाळ्याच त्यांना मानवतायत असं दिसतंय.

१३ मार्च, शुक्रवार

पाणबुड्याने आज पाइप टाकला. पाणबुड्या म्हणजे बंदरातला गोताखोर, सहा फुटी, कमी बोलणारा. बाहेर आल्यावर मास्क काढून एवढंच म्हणाला, "खाली भिंत उभी आहे त्यांची. होडीने बाहेर जाऊन बघितली, दीड मैलावर. हलत नाहीये अजून."

बाबा पाळीहून आले ते पायऱ्यांवर दोनदा थांबले. उकाडा भयंकर आहे. चपला घट्ट होतात म्हणून माझ्या जुन्या मोठ्या सपाता मागितल्या. पाणी जपून वापरायचंय म्हणून मी बर्फाचे खडे दिले तर तेच चोखत बसले. आडवं पडलं की गुदमरतं म्हणाले, आरामखुर्चीतच डोळे मिटले. पंखा लावून दिला.

त्यांचं वजनांचं पान पाहिलं. सात तारखेनंतर कोरं आहे. इतका नेमाचा माणूस, या गोंधळात विसरला असेल. विचारेन.

१५ मार्च, रविवार

विचारायचं राहून गेलं. दिवसभर धक्का उचलणं चालू होतं. वारा फिरलाय.

१७ मार्च, मंगळवार

कालचं लिहिते. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी निघताना बाबा खुर्चीतच होते. म्हणाले, "ये जाऊन. नीट कर." आवाज बसलेला. मी घाईत होते.

दहाला भरतीबरोबर जेलीफिश आले. या वेळी तोंडाशी मी, जाळीवाले काका आणि सहा माणसं. साहेब वर पंपांच्या खोलीत. पाणबुड्या आणि दोन होड्या पाण्यात. हवा सोडली. तळातून पांढरा पडदा वर आला, खदखदणाऱ्या पाण्यासारखा, आणि पहिली रांग त्याला येऊन थडकली. एक उचलला गेला. मग दहा. मग सगळा पृष्ठभाग भरून छत्र्या वर, पोटात हवा अडकलेल्या, उलट्यासुलट्या. होड्यांनी ओढायला सुरुवात केली.

पण पंप पूर्ण जोरात चालले की ओढ इतकी व्हायची की ते पडद्यातून आरपार यायचे. ओढ निम्मी केली की पडदा जिंकायचा. म्हणून मी जाळीवर आलेले मोजायचे आणि फोनवर साहेबांना सांगायचं, कमी करा, थोडं वाढवा, कमी करा.

पावणेअकराला शेजारच्या वहिनींचा फोन. "अगं, दार वाजवलं, उघडेनात. किल्लीने उघडलं. बाबांचे ओठ निळे पडलेत, घरघर लागलीये. अँब्युलन्स बोलावलीये, मी जाते बरोबर."

आठ-दहा मिनिटांनी डायलिसिसच्या सिस्टरांचा. "ताई, तुम्ही यांना दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात नेत होतात ना? तिथले रिपोर्ट कुठे आहेत?"

"कुठलं हॉस्पिटल? ते तुमच्याकडेच येत होते. मंगळवारी, शुक्रवारी."

"ताई, यायचे, पण पाळी घ्यायचे नाहीत. मला म्हणाले, मुलीने दुसरीकडे सोय केलीये, माझी जागा त्या बाळवालीला द्या. तिला चार तासांची गरज आहेच. मी विश्वास ठेवला. नंतर बागेतल्या बाकावर बसलेले दिसायचे, मला वाटलं गाडीची वाट बघतायत."

नऊ दिवस. फुप्फुसात पाणी.

मी म्हटलं, "मी येते. आत्ता निघते."

"येऊन काय करणार ताई? मशीन तयार आहे, यांना घेतलंय. नळाला धार नाही. दाब नसला की मशीन बंद पडतं. पाणी पाठवा."

मी जाळीकडे पाहिलं. काकांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं काहीतरी, म्हणाले, "तुम्ही जा, मी मोजतो." मी मान हलवली. फोन साहेबांना लावला. साहेबांनी एक शब्द जास्तीचा विचारला नाही. "सगळ्या लाइनी बंद करतो. जेवढं येतंय तेवढं हॉस्पिटलला. तुम्ही फक्त ओढ तुटू देऊ नका."

मग मी मोजत राहिले. दुसरं काहीच केलं नाही. सात आले, कमी करा. दोन, वाढवा. नऊ, कमी करा. मध्येच पाइपचा एक सांधा सुटला आणि पडद्याला भगदाड पडलं. पाणबुड्या खाली गेला आणि तो वर येईपर्यंत आम्ही सगळ्यांनी फावड्यांनी, हातांनी, जे सापडेल त्याने ते ओढून काढले. माझे हात कोपरापर्यंत लाल झाले. मी मनात बाबांशी भांडत होते. मोठमोठ्याने भांडत होते असं काका नंतर म्हणाले.

साडेबाराला सिस्टरांचा फोन. "दाब आला. मशीन लागलंय." एवढंच.

मी जाळीपाशी खाली बसले. त्यानंतर ओहोटी लागेपर्यंत काकांनी मोजलं.

१९ मार्च, गुरुवार

बाबा वाचले. आज घशातली नळी निघाली, बोलता येतं.

मी ठरवून गेले होते की रडायचं नाही आणि ओरडायचं नाही. दोन्ही केलं.

"मला न विचारता? मला सांगून गेला असतात तर?"

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?"

"नसतं दिलं!"

"मग?" ते म्हणाले, जणू मुद्दा त्यांनी जिंकला. मग धाप लागली म्हणून थांबले. "ती सव्वीस वर्षांची आहे. मी चौऱ्याहत्तर. हिशेब अवघड नव्हता."

"तुम्ही नि ती माझ्यासाठी एक नाही. मी स्पंजाचं सांगितलं ते स्पंजाचं होतं, बाबा!"

ते हसले, हसताना खोकला आला. सिस्टरांनी मला बाहेर काढलं.

खरं सांगायचं तर माझा राग त्यांच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त आहे. लांब बाह्या, सपाता, बर्फ, कोरं पान. याच वहीत सगळं लिहून ठेवलंय मी. वाचून दाखवलं तर कुणीही ओळखेल. डोळ्यांपुढे होतं आणि मी पंखा लावला.

२४ मार्च, मंगळवार

वरचा निर्णय आलाय. साहेबांची बदली. मला लेखी ताकीद, आणि त्याच पाकिटात दुसरा कागद, पाण्याच्या तोंडाची देखरेख यापुढे माझ्याकडे. मला कुणी विचारलं नाही झेपेल का. धक्का जमिनीवर कोरडा पडलाय, पिंपांवर नुसते पांढरे पापुद्रे उरलेत. बाहेर समुद्रात किती आहेत कुणालाच माहीत नाही. गेले चार दिवस पाण्याचा दाब पाऊण आहे.

आज रजा घेऊन बाबांबरोबर पाळीला गेले. सुई टोचताना समोर उभी राहिले. आठ खुर्च्या, आठ माणसं. शेजारी ती मुलगी. मी तिच्याकडे बघणार नव्हते, पण तीच म्हणाली, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं कुणीतरी आलं नाही." मी म्हटलं, "तुमची काही चूक नाही." पण त्या सोमवारी, जाळीपाशी, मी तिला मनातल्या मनात फार वाईट बोलले होते.

दोन तास झाले असतील. कोपऱ्यातल्या पाण्याच्या यंत्राने एकदम शिट्टी मारायला सुरुवात केली. तांबडा दिवा. दाब उतरला.

सिस्टर धावल्या. सगळ्यांनी आधी भिंतीवरच्या पाइपकडे पाहिलं, जणू आत काय चाललंय ते दिसणार होतं. आणि मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. मला कळेना, माझ्याकडे का. बाबांनी जरा ओशाळून सांगितलं, "मी म्हटलं होतं त्यांना. ही माझी मुलगी, पाणी हीच बघते म्हणून."

आठ चेहरे. मी एका वाक्याला घाबरणारी बाई, आणि या लोकांनी आपलं रक्त माझ्या भरवशावर बाहेर काढून ठेवलंय.

फोन वाजला. जाळीवाले काका. "मॅडम, पुन्हा दिसतायत. थोडे आहेत. मी पंप कमी करायला सांगितलेत, पण तुम्ही असतात तर..."

"हवा सोडा. मी..." आणि मी थांबले. बाबांकडे पाहिलं. मी गेले की ते काय करतील, कुणाला काय सांगतील, सिस्टरांना गोड बोलून सुई काढायला लावतील का, हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. त्यांना ते दिसलं.

"जा," ते म्हणाले.

"बाबा..."

"मी उठत नाही. पूर्ण वेळ बसतो. शब्द." मग त्या मुलीला म्हणाले, "तू साक्षीदार. मी हललो तर सिस्टरांना हाक मार." ती डोळे पुसत हो म्हणाली.

मी दारापर्यंत गेले. मागे वळून पाहिलं तर बाबा सुई टोचलेला हात खुर्चीच्या दांडीवर सरळ ठेवून बसले होते आणि दुसऱ्या हाताने मला खुणावत होते, लवकर, लवकर.